आत्याची हिरवी गाडी आणि तिची दुखणी

परवा आमच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये एक वास आला आणि हातातली भाजीची पिशवी तशीच धरून मी जागच्या जागी उभी राहिले. कच्च्या पेट्रोलचा, तापलेल्या रबराचा आणि करपलेल्या जुन्या तेलाचा एकत्र वास. हल्लीच्या गाड्यांना वासच नसतो. त्या येतात, जातात, मागे काही ठेवत नाहीत. चौथ्या मजल्यावरच्या तरुणाने कुठूनशी एक जुनी, दोन दारांची स्पोर्ट्स गाडी आणली आहे. तिचं बॉनेट उघडं होतं आणि तो कमरेवर हात ठेवून तिच्याकडे रुसलेल्या माणसाकडे बघावं तसा बघत होता. "पैशांचा खड्डा आहे हो हा, काकू," तो म्हणाला. मी वाकून आत पाहिलं. "वॉटर पंप गळतोय. हेड गॅस्केटही बघून घे. आणि पायाखालचं कार्पेट उचलून पत्रा बघितलास का?" तो माझ्या पांढऱ्या केसांकडे आणि पिशवीतून डोकावणाऱ्या मेथीच्या जुडीकडे आळीपाळीने बघत राहिला. मी हसून लिफ्टकडे वळले खरी, पण मन केव्हाच मरोळला जाऊन पोहोचलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत, जेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि माझी आत्या चव्वेचाळीस.

आत्या अंधेरीच्या एका इस्पितळात सिस्टर होती. बाबा आणि ती, दोघं भावंडं अकोल्याकडच्या खेड्यातून एक पत्र्याची ट्रंक घेऊन मुंबईला आली होती. बाबा एका बँकेत शिपाई म्हणून लागले, आत्या नर्सिंगला गेली. बाबांनी लग्न केलं, आम्हाला वाढवलं, कांदिवलीच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली दोन खुर्च्या आणि एक रेडिओ जमवला. आत्याने लग्न केलं नाही. तिला कुणी कारण विचारलं तर ती म्हणायची, "ड्यूटी होती." ती चालायची भराभर, बोलायची त्याहून भराभर, आणि हसली की वॉर्डाच्या टोकाला झोपलेला पेशंट जागा व्हायचा. गाडी चालवायला ती इस्पितळाच्या आवारातच शिकली, ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरकडून. एखाद दिवशी तोच आजारी पडला तर पेशंटने काय करायचं, हा तिचा प्रश्न होता. ड्रायव्हर कधीच आजारी पडला नाही. लायसन्स मात्र तिच्या पर्समध्ये दहा वर्षं तसंच होतं, रुमालात गुंडाळलेलं.

मरोळ गावठाणात एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ राहत. आयुष्यभर जहाजावर इंजिनियर होते. त्यांना अर्धांगवायू झाल्यावर आत्या ड्यूटी संपवून संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊ लागली. अंग पुसणं, औषध, थोडा व्यायाम. पण म्हातारबुवांचा खरा व्यायाम असायचा तो चाकाच्या खुर्चीतून मागच्या गॅरेजपर्यंत जाण्याचा. तिथे धुळीच्या चादरीखाली त्यांची गाडी होती. बाटलीसारखी हिरवी, बुटकी, नाकाडाने लांब, दोनच दारांची. तिचं नाव मी सांगत नाही. ज्यांनी ती समुद्रापलीकडे कधीकाळी बनवली, त्यांना तिच्या म्हातारपणाचा बोल आता कशाला लावायचा? आजोबा अडखळत्या शब्दांत आत्याला गाडीची दुखणी सांगत आणि आत्या ती केस ऐकावी तशी ऐके. ते गेल्यावर त्यांच्या बायकोने आत्याला बोलावलं. "भंगारवाला सात हजार देतो," ती म्हणाली. "तो हिला तोडेल. तू सात दे आणि घेऊन जा. माझ्या डोळ्यांदेखत तोडलेली मला बघवणार नाही." आत्याने दुसऱ्या दिवशी बँकेतून पैसे काढले. दुरुस्त होईपर्यंत गाडी आजीच्याच गॅरेजमध्ये राहणार होती.

बाबांना कळलं तेव्हा आमच्या खोलीत जे झालं, ते मला अजून ऐकू येतं. ते पैसे कांदिवलीला नव्या इमारतीत आत्याच्या नावाने जागा बुक करण्यासाठी साठवलेले होते. बाबांनीच तिच्यामागे लागून साठवायला लावले होते. बाबा ओरडणारे नव्हते. रागावले की त्यांचा आवाज उलट खाली जायचा. ते म्हणाले, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? म्हातारपणी त्या डबड्यात राहणार आहेस? आपल्यासारख्यांना हे शोभत नाही."

आत्या उभी राहिली. "आपल्यासारख्यांना म्हणजे कुणाला, दादा?"

आईने चहाचे कप उचलले. आत्या चपला घालून निघून गेली आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर भाऊ-बहीण एकमेकांशी बोलले नाहीत. मी मध्ये होते. मरोळच्याच औद्योगिक वसाहतीत, पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी ट्रेसर होते. दुसऱ्यांनी काढलेल्या आकृत्यांवर पारदर्शक कागद पसरून त्या शाईने जशाच्या तशा गिरवायच्या, एवढंच माझं काम. काम सुटलं की गावठाणातलं ते गॅरेज दहा मिनिटांवर. बाबांना मी सांगायचे, ओव्हरटाइम आहे. बाबा "बरं" म्हणायचे आणि माझ्या नखांतलं काळं तेल बघून न बघितल्यासारखं करायचे.

गॅरेजच्या पलीकडच्या गल्लीत एका मालवणी मिस्त्रींचं लेथचं दुकान होतं. आधी गिरणीत फिटर होते, आता स्वतःचं एक लेथ आणि एक ड्रिल मशीन घेऊन बसलेले. आत्याने त्यांना गाडी दाखवायला आणलं. त्यांनी बॉनेट उघडलं, बोटाने तेल चाखल्यासारखं केलं, खाली आडवे होऊन पत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हर ठेवला, तर तो आरपार गेला. उठून त्यांनी हात झटकले. "गो बाय, ही गाडी नाय, हो संसार आसा. एकदा मांडलो की सोडूक गावाचो नाय."

"मग मांडू या की," आत्या म्हणाली. "कधी मांडला नाही, एकदा बघते."

आणि सुरू झालं ते वर्ष! किती दुखणी होती तिला, आणि प्रत्येक दुखण्याच्या पोटात दुसरं. गंजलेला पत्रा कापून नवा वेल्ड केला, तर वेल्डिंगच्या उष्णतेने वायरिंगचं जुनं कापडी वेष्टण करपलं. वायरिंग बदललं, तर हॉर्न वाजवला की वायपर हलायचा. क्लच दाबला की पेडल जमिनीला टेकून तिथेच राहायचं, कारण आतलं बोटभर रबरी सील चुरा होऊन गेलेलं. ते मुंबईत कुठेच मिळेना. शेवटी मिस्त्रींनी एका स्कूटरचं सील आणून त्याला पितळेची बारीक कडी बसवली आणि क्लच असा मऊ झाला की आत्या नुसतीच बसून तो दाबत राहिली, हसत राहिली. सील पाच रुपयांचं होतं. रेडिएटरचा नवा गाभा मात्र तिचा अर्धा पगार खाऊन गेला. पहिल्या सहा महिन्यांतच दुरुस्तीने गाडीच्या किमतीला गाठलं. आत्याने दोन नव्या साड्या रद्द केल्या, सणाच्या दिवशी जादा ड्यूट्या घेतल्या. पण ती गॅरेजमध्ये शिरायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मी जे बघायचे, ते मी तोवर कुणाही मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, उत्साह ही वयाबरोबर संपणारी गोष्ट आहे. आमच्या घरातली मोठी माणसं दमलेली असायची.

एका रविवारची गोष्ट तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. गाडीला दोन कार्ब्युरेटर होते आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. एक जास्त हवा ओढायचा, दुसरा कमी, त्यामुळे इंजिन दम्याच्या पेशंटसारखं धापा टाकायचं. मिस्त्री रबरी नळी कानाला लावून दोन्हींचे आवाज ऐकत होते, स्क्रू पाव-पाव आटा फिरवत होते, पण गिरणीत तीस वर्षं काढलेल्या कानांना बारीक फरक कळेना. आत्या म्हणाली, "सरका जरा." पिशवीतून तिने स्टेथोस्कोप काढला, त्याची चकती काढून नळीचं टोक एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरलं. डोळे मिटले. मग दुसऱ्याशी धरलं. "डावा जोरात ओढतोय. थोडा कमी करा. अजून. थांबा, आता जास्त झालं. मागे या." असं अर्धा तास. आणि मग एकाएकी, धापा टाकणारं ते इंजिन सलग, खर्जात घुमू लागलं. गॅरेजच्या पत्र्यावरची धूळ थरथरून आमच्या डोक्यांवर पडली. मिस्त्रींनी हातातला पाना वर फेकला आणि झेलला. "गावला! आता कसा गाता बघ!" घरमालकीण आजी, त्या जहाजी इंजिनियरांची बायको, मागच्या दारात येऊन उभी राहिली. तिने एप्रनने डोळे टिपले आणि आम्हा सगळ्यांना केक कापून दिला.

राहिला होता वॉटर पंप. इंजिनभर पाणी फिरवणारा तो छोटासा पंप इतका झिजला होता की गाडी चार फर्लांग गेली की उकळायची. नवा मिळणार नव्हता. मिस्त्री म्हणाले, ड्रॉइंग काढून द्या, मी पितळेत कातून देतो. आत्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी फक्त गिरवते, आत्या. मी काढत नाही."

"मग आज काढ," ती म्हणाली, "मग आज भात लाव" म्हणावं तसं.

मी कारखान्यातून बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर मागून आणला. जुन्या पंपातलं पाणी ढकलणारं पात्याचं चाक सुटं करून त्याचं प्रत्येक माप घेतलं, दोनदा, तीनदा. जेवणाच्या सुट्टीत टाकाऊ ट्रेसिंग पेपरच्या उलट बाजूला ते काढलं. माझ्या आयुष्यातली पहिली स्वतःची आकृती! मिस्त्रींनी ते चाक कातलं तेव्हा सोन्यासारखं चकाकत होतं आणि मी ते ओंजळीत धरून उभी होते. पंप बसवला, इंजिन सुरू केलं, आत्या गावठाणाबाहेर रस्त्यावर घेऊन गेली. दहा मिनिटांत ती परत आली ती पायी. गाडी वळणावर वाफ ओकत उभी होती. रेडिएटर पाण्याने भरलेला, तरी ती उकळली होती, आणि त्या उष्णतेने इंजिनच्या डोक्याखालची पट्टी, हेड गॅस्केट, फुटून पाणी तेलात मिसळलं होतं. तेल मोजायची पट्टी काढली तर तिच्यावर दह्याची साय असावी तसा पांढरा फेस. म्हणजे इंजिनचं डोकं उतरवायचं, त्याचा तळ घासून सपाट करायचा, तांब्याच्या पत्र्याचं गॅस्केट हाताने कापायचं, सगळं तेल नवं. आत्याचा एक आख्खा पगार. माझ्यामुळे.

मिस्त्रींनी पंप उघडला, चाक आणि आतल्या भिंतीमध्ये करंगळीचं नख घातलं. नख सहज आत गेलं. ते रागावले नाहीत. "तू झिजलेला मोजलंस गो. कसा होता ता मोजूक होया."

ते वाक्य मी चाळीस वर्षं जपलं आहे. मी त्या चाकाची झीज इमानेइतबारे गिरवली होती. पाण्याने आणि वर्षांनी त्याच्या कडा खाल्ल्या होत्या, आणि मी त्या खाल्लेल्या कडांनाच खरं माप समजले होते. आत्या म्हणाली, "चुकीचं औषध दिलं की सिस्टरला पण असंच वाटतं. मग पुन्हा चार्ट वाचायचा. ऊठ." या वेळी मी चाक बाजूला ठेवलं. पंपाच्या घरात जिथे पाणी पोहोचत नव्हतं, तिथली न झिजलेली भिंत मोजली, आणि तिथून मागे हिशेब करत गेले. चाक केवढं असायला हवं होतं, तापल्यावर ते किती फुगेल, मध्ये किती फट लागेल. ते काढत असताना आमचे मुख्य ड्राफ्ट्समन मागे येऊन उभे राहिले. ऑफिसचा कागद, ऑफिसची शाई. मला वाटलं, वाट लागली, नोकरी गेली. त्यांनी चष्मा वर केला, एका मापाशी पेन्सिलीने टिचकी मारली. "इथे टॉलरन्स लिही, माप किती कमी-जास्त चालेल ते. नाहीतर कातणारा आपल्या मनाने करेल." आणि निघून गेले. पुढच्या सहा महिन्यांत त्यांनी मला ट्रेसिंगच्या टेबलावरून उचलून ड्राफ्टिंगच्या बोर्डावर बसवलं. पण ते नंतरचं. त्या घटकेला मला फक्त ते पितळेचं दुसरं चाक हवं होतं.

ते बसलं आणि गाडी उकळली नाही. एकदा नाही, पाचदा गेलो, पवईपर्यंत, पाण्याच्या तापमानाचा काटा मधोमध. मग एका रविवारी सकाळी आत्याने मला मागच्या सीटवर घडी करून बसवलं, कारण त्या मागच्या सीटवर दोन भाजीच्या पिशव्या मावल्या असत्या, माणूस नव्हे, आणि गाडी थेट कांदिवलीला आमच्या इमारतीखाली आणून हॉर्न दिला. वायपर हलला नाही. गॅलऱ्या भरल्या. बाबा सोडून सगळे बाहेर आले. आत्याने दुसऱ्यांदा हॉर्न दिला, लांबलचक. शेवटी बाबा लेंगा-बनियनवर खाली उतरले. "लोकांना त्रास होतो हॉर्नचा," ते म्हणाले. वर्षभरानंतरचं पहिलं वाक्य.

"दादा, बस ना."

बाबांनी गाडीकडे पाहिलं. चकचकीत हिरव्या रंगात त्यांच्या बनियनचं प्रतिबिंब दिसत होतं. "थांब," ते म्हणाले आणि वर गेले. दहा मिनिटं झाली. मला वाटलं, येत नाहीत आता. ते आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस विंचरून, भांग पाडून.

हायवे त्या काळी रविवारी सकाळी मोकळा असायचा, खरंच मोकळा. बोरिवली मागे पडलं. आत्याने चौथा गिअर टाकला आणि पाय दाबला. ते खर्जातलं घुमणं चढत चढत वर गेलं, काच खडखडली, वारा कुठल्या कुठल्या फटींतून आत शिरला. बाबांचा एक हात डॅशबोर्डवर, दुसरा दारावर. मी मात्र बाहेर बघतच नव्हते. माझे डोळे पाण्याच्या काट्यावर. काटा हलला नाही.

"किती?" बाबांनी ओरडून विचारलं.

"सत्तर!"

"एवढंच?"

"मैल, दादा, मैल!"

आणि बाबा हसले. खो खो, डोकं मागे टाकून, शर्टाची कॉलर फडफडत असताना. बावीस वर्षांत मी त्यांचं हसू पाहिलं होतं, ऐकलं नव्हतं. ते आत्यासारखंच होतं, अगदी तेच. वॉर्डाच्या टोकाला पेशंट जागा करणारं. दहिसरच्या नाक्यावरून वळून आम्ही परत निघालो. कांदिवलीचं वळण आलं तेव्हा आत्या गाडी आत घेणार, तोच बाबा हळूच म्हणाले, "अंधेरीला जाऊन येऊ या का? बँकेवरून?"

आत्याने गाडी सरळ अंधेरीकडे घेतली. रविवार, बँक बंद, फाटकाशी फक्त वॉचमन स्टुलावर. बाबांचा वीस वर्षांचा सोबती, डबा एकत्र खाणारा. हिरवी गाडी वळताना बघून तो ताडकन उठला, फाटक उघडलं आणि आत कोण आहे ते न बघताच कडक सलाम ठोकला. बाबांनी काच खाली करायला घेतली तर तिचा दांडाच हातात आला. मग त्यांनी दारच उघडलं. "अरे, मीच आहे रे!"

वॉचमन वाकून बघत राहिला. "आयला! तू? साहेब कधी झालास?"

"झालो नाही," बाबा म्हणाले. "माझ्या बहिणीची गाडी आहे."

हे त्यांनी असं म्हटलं की आत्याला समोरच्या काचेतून बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघावं लागलं. आणि नेमकं तेव्हाच इंजिन बंद पडलं. सेल्फ नुसता टिकटिकला. आत्याने नाक पुसलं आणि हुकूम सोडला, "ढकला!" बँकेचा शिपाई आणि बँकेचा वॉचमन, दोघांनी मिळून ती साहेबी गाडी फाटकातून मागे काढून रस्त्याला लावली आणि पळत पळत ढकलली. इंजिनने धक्का देऊन जीव धरला, आत्या थांबायला तयार नाही, पुन्हा बंद पडेल म्हणून. बाबा इस्त्रीच्या शर्टात शेजारून धावत होते, मी आतून दार धरलं होतं, आणि ते उडी मारून आत पडले ते हसतच. मागे वॉचमन दोन्ही हात वर करून ओरडत होता, "झकास! झकास!"

गाडी आणखी चार वर्षं चालली. गंज शेवटी जिंकला, तो जिंकतोच. एका जुन्या गाड्यांच्या हौशी माणसाला आत्याने ती दिली. तोवर मिस्त्री गावाला परतले होते, आजी मुलीकडे परदेशी गेली होती, आणि गॅरेजच्या जागी पाया खणला जात होता. आत्याने कांदिवलीला जागा घेतली, थोड्या उशिरा, थोडी लहान. आता ती नाही. बाबा तिच्यानंतर सात वर्षं होते आणि त्या रविवारची गोष्ट त्यांनी सांगितली नाही असा पाहुणा आमच्या घरी आला नसेल. मात्र दर वेळी वेग वाढायचा. माझ्या लग्नात तो ऐंशी मैल होता, माझ्या मुलीच्या बारशाला नव्वद. अखेरच्या दिवसांत इस्पितळात सलाइन लावणाऱ्या सिस्टरला त्यांनी क्षीण आवाजात सांगितलं, "माझी बहीण चालवत होती. एकशे वीस मैल." आयुष्यभर मी मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी लोकांशी भांडले आहे. काळ सगळ्याच गोष्टी झिजवत नाही. काही गोष्टींवर तो दर वर्षी थोडं पितळ चढवतो. सिस्टरने माझ्याकडे बघितलं, खरं का, या अर्थाने. मी मान डोलावली.